घड्याळ जवळ असलं की फोन उघडा: चार व्यवस्थांची मनगट-परीक्षा

सोलापूरच्या नवी पेठेत मोबाइलच्या कुठल्याही दुकानात स्मार्टवॉच बघायला उभे राहा, काउंटरवरचा पोरगा हमखास म्हणणार, "हे घाला की साहेब, फोनला पासवर्ड मारायची कटकटच संपली." यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं फोन कोणता, घड्याळ कोणतं आणि दोघांची जोडणी कशी झाली आहे यावर ठरतं. दीड-दोन हजारांचं कॉलिंग वॉच आणि पंचवीस हजारांच्या पुढचं ॲपल वॉच, दोघांच्या नावावर "फोन उघडतो" असंच सांगितलं जातं. पण एका ठिकाणी दाराला कुलूप आहे, दुसऱ्या ठिकाणी नुसती कडी सरकवलेली.

परीक्षणासाठी चार व्यवस्था घेतल्या आहेत: अँड्रॉइडचं एक्स्टेंड अनलॉक, शाओमीचं ब्लूटूथ अनलॉक, ॲपल वॉचचं ऑटो अनलॉक आणि विंडोजचं डायनॅमिक लॉक. विंडोजची व्यवस्था फोनवर चालते; बाकी घड्याळाच्या तीन व्यवस्थांना कस एकच लावला आहे. घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं, तर फोन किंवा कॉम्प्युटर उघडतो का? उघडत असेल तर ते कुलूप तुम्हाला ओळखत नाही, वस्तूला ओळखतं. वस्तू कोणाच्याही हाती लागू शकते.

घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच. मॅक आणि ॲपल वॉच ही जोडी पैकीच्या पैकी. आयफोन आणि ॲपल वॉच चांगलं, पण ते फक्त चेहरा झाकलेला असताना कामाला येतं. गूगलचे पिक्सेल फोन आणि पिक्सेल वॉच यांची जोडी याच पंगतीतली. एक्स्टेंड अनलॉक घरात आणि कामाच्या जागी ठीक, गर्दीत अजिबात नको. शाओमीचं सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सुटसुटीत आणि सगळ्यात ढिलं. विंडोजचं कॉम्प्युटर उघडतच नाही, फक्त लॉक करतं. दुकानदारांसाठी मात्र तेच सगळ्यात कामाचं.

गरज कोणाला

ही चैन नव्हे. विडी वळून वळून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांना रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटवताना काय त्रास होतो हे शहराला माहीत आहे. फोनचा सेन्सर त्याहून दयाळू नसतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या रंगखात्यातले हात ओले, सायझिंगमध्ये कांजीचे, मागावर तेलाचे. दवाखान्यात ग्लोव्हज. घरात भाकरीच्या पिठाने माखलेला हात. बोटाचा ठसा या सगळ्यांना अडतो.

मग चेहऱ्याने उघडायचा म्हटलं, तर एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सात रस्त्यावरून जाणारी प्रत्येक दुचाकी स्कार्फ, गॉगल आणि टोपीच्या आड गेलेली असते. राहिला पिन. तो चार लोकांसमोर दिवसातून पन्नास वेळा दाबायचा म्हणजे शेजारच्यालाही पाठ होतो. मनगटावरचं घड्याळ या तिन्ही अडचणींतून वाट काढतं, म्हणून त्याकडे गंभीरपणे बघायला हवं.

ब्लूटूथला अंतर कळत नाही

बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. "घड्याळ हातात असूनही फोन पिन मागतो" आणि "घड्याळ दुसऱ्या खोलीत असूनही फोन उघडा राहतो" ही एकाच दुखण्याची दोन टोकं.

साध्या ब्लूटूथमध्ये फोनला एवढंच समजतं की सिग्नल किती जोरात येतोय. जोर कमी म्हणजे वस्तू लांब, असा तो अंदाज बांधतो. पण ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि या लहरी पाण्यात, म्हणजेच माणसाच्या शरीरात, मुरतात. घड्याळ डाव्या मनगटावर आणि फोन उजव्या मागच्या खिशात असेल तर मध्ये तुमची कंबर येते आणि सिग्नल १० ते २० डेसिबलने सहज पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने घटतो. हिशेब करा: १२ डेसिबलची घट म्हणजे फोनच्या लेखी घड्याळ चौपट लांब गेलं. घड्याळ कुठेच गेलेलं नाही, तुम्ही फक्त वळलात.

असं वारंवार होऊन गिऱ्हाईक वैतागू नये म्हणून कंपन्या मर्यादा सैल ठेवतात, किंवा मर्यादा न ठेवता "कनेक्शन टिकलंय ना, मग जवळच आहे" असं धरतात. एक्स्टेंड अनलॉक याच दुसऱ्या पद्धतीचं. कनेक्शन घरात साधारण दहा मीटर टिकतं, मोकळ्या मैदानात बरंच जास्त. गूगलची स्वतःची सूचनाच सांगते की ब्लूटूथचा पल्ला १०० मीटरपर्यंत जाऊ शकतो. जुन्या वाड्याची दगडी भिंत कनेक्शन तोडेल, ऑफिसातलं प्लायवुडचं पार्टिशन तोडणार नाही. शेजारच्या केबिनमध्ये बसून तुम्ही चहा पिताय आणि टेबलावरचा फोन कोणीही चाळतंय, हे अगदी शक्य आहे.

ॲपलने मॅकसाठी वेगळा रस्ता धरला. ब्लूटूथवर ओळख पटते, पण अंतर मोजायला मॅक आणि घड्याळ थेट एकमेकांशी वाय-फायवर बोलतात आणि संदेश जाऊन यायला किती वेळ लागला ते पाहतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते. सिग्नल कमी-जास्त करता येतो, पण वेळ मागे नेता येत नाही. कोणी मध्ये बसून घड्याळाचा सिग्नल पुढे पाठवायचा प्रयत्न केला तर वेळ वाढतोच. ही कल्पनेतली भीती नाही. मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सायबर-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ब्लूटूथचे सिग्नल असेच पुढे पाठवून टेस्ला मॉडेल ३ गाडी आणि दाराचं एक स्मार्ट कुलूप उघडून दाखवलं होतं. तिथे कूटसंकेत फोडावा लागला नव्हता, सिग्नल नुसता वाहून नेला होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ब्लूटूथ ६.० मध्ये चॅनल साउंडिंग नावाची अंतर मोजायची सोय आली आहे. ती फोन आणि घड्याळ दोघांत असावी लागते. खोक्यावर नुसतं "ब्लूटूथ ६" वाचून खूश होऊ नका, चॅनल साउंडिंग आहे का ते वेगळं विचारा.

अँड्रॉइडचं एक्स्टेंड अनलॉक

२०१४ साली अँड्रॉइड ५ बरोबर हे स्मार्ट लॉक नावाने आलं. आता नाव एक्स्टेंड अनलॉक, आणि नवं नाव जास्त प्रामाणिक आहे. अँड्रॉइड १० पासून घड्याळ लॉक झालेला फोन उघडत नाही. तुम्ही एकदा पिन किंवा बोटाने उघडलेला फोन उघडा ठेवतं, इतकंच. घड्याळ लांब गेलं, फोन लॉक झाला, घड्याळ परत आलं, तरी पिन द्यावाच लागतो. फोन ४ तास वापरला नाही किंवा रीस्टार्ट झाला तरीही पिन लागतो. "चालत नाही" म्हणून दुकानात परत आणलेल्या घड्याळांत बरीचशी अशी असतात, की ती ठरल्याप्रमाणेच चालत असतात.

सुरू करायचं असं. आधी फोनला पिन किंवा पॅटर्न असलाच पाहिजे. घड्याळ फोनच्या ब्लूटूथ यादीत पेअर करा. मग सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, त्यात मोअर सिक्युरिटी, तिथे एक्स्टेंड अनलॉक. सॅमसंगमध्ये हेच लॉक स्क्रीनच्या आत असतं. विवो, ओप्पो, रिअलमीवर जागा बदलत राहते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाइप करणं सोपं. पिन दिला की ट्रस्टेड डिव्हायसेस उघडा आणि यादीतून घड्याळ जोडा. तिथेच ऑन-बॉडी डिटेक्शन आणि ट्रस्टेड प्लेसेस असे आणखी दोन पर्याय दिसतील. पहिल्याला फोन हलतोय एवढंच कळतं, तो कोणाच्या खिशात हलतोय हे कळत नाही. दुसऱ्याचं वर्तुळ ८० मीटरपर्यंत पसरू शकतं, आणि पेठेत ८० मीटरमध्ये किती घरं येतात ते तुम्हीच मोजा. दोन्ही बंद ठेवा.

एक्स्टेंड अनलॉक मेनूत सापडलंच नाही, तर त्याच सिक्युरिटी भागात ट्रस्ट एजंट्स शोधा आणि गूगलच्या नावापुढचं बटण चालू करा. ते बंद असलं की अख्खा पर्याय गायब होतो.

स्वस्त घड्याळांची गंमत वेगळीच. कॉलिंग वॉच फोनला दोन नावांनी दिसतं: एक ॲपशी बोलणारं, दुसरं कॉलचा आवाज नेणारं. ॲपमधून जोडलेलं नाव अनेकदा ब्लूटूथच्या पेअर्ड यादीत येतच नाही, त्यामुळे ट्रस्टेड डिव्हायसेसमध्येही दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं घड्याळ खराब, दुकानदार म्हणतो फोन खराब, आणि दोघंही धडधाकट असतात. घड्याळावर कॉलिंगचं ब्लूटूथ चालू करा, फोनच्या ब्लूटूथमधून ते दुसरं नाव रीतसर पेअर करा, आणि तेच ट्रस्टेडमध्ये घाला. पेअर होताना दोघांत गुप्त किल्ली ठरते. तसं न जोडलेलं घड्याळ समजा यादीत घालता आलं, तरी ते घालू नये, कारण त्याची नक्कल करायला किल्ली लागत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार कनेक्शन तुटण्याची. फोन बॅटरी वाचवायला घड्याळाचं ॲप पाठीमागे मारून टाकतो आणि त्याबरोबर कनेक्शनही जातं. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी "नो रिस्ट्रिक्शन्स" करा, ऑटोस्टार्ट चालू करा, अलीकडच्या ॲप्सच्या यादीत त्याला कुलूप लावा. अल्ट्रा पॉवर सेव्हिंगमध्ये फोन टाकलात तर हे सगळं पुन्हा मोडतं.

आता मनगट-परीक्षा. फोन एकदा पिनने उघडा, घड्याळ काढून टेबलावर ठेवा, स्क्रीन बंद करा, पुन्हा जागी करून वर सरकवा. साध्या घड्याळांबरोबर एक्स्टेंड अनलॉक सरळ नापास होतं. कनेक्शन आहे ना, मग फोन उघडा. रात्री घड्याळ चार्जिंगला आणि फोन उशाशी, घरातलं कोणीही फोन उघडू शकतं. म्हणून घड्याळ उतरवून चार्जिंगला लावताना फोनचं ब्लूटूथ बंद करायची सवय लावा, किंवा पॉवर मेनूतून लॉकडाउन दाबा. लॉकडाउन अँड्रॉइड ९ पासून आहे. त्याने बोट, चेहरा आणि एक्स्टेंड अनलॉक तिन्ही थांबतात, पुढच्या पिनपर्यंत. काही फोनवर ते आधी लॉक स्क्रीनच्या सेटिंगमधून चालू करावं लागतं.

पिक्सेलवाल्यांची सोय यापेक्षा वरचढ आहे. डिसेंबर २०२३ च्या अपडेटपासून पिक्सेल वॉच पिक्सेल फोनला खरोखर उघडतं. त्यासाठी घड्याळाला स्वतःचा पिन असावा लागतो आणि घड्याळ मनगटावर, उघडलेलं आणि फोनजवळ असावं लागतं. ते हातातून काढलं की स्वतःच लॉक होतं आणि त्याचा अधिकार संपतो. बाकीच्या अँड्रॉइडला असं सरसकट का मिळू नये, हा प्रश्न रास्त आहे.

शाओमीचा बँड

शाओमीचे फोन आणि बँड गावात ढिगाने आहेत, म्हणून वेगळं सांगायला हवं. पासवर्ड आणि सिक्युरिटीच्या मेनूत "अनलॉक विथ ब्लूटूथ डिव्हाइस" असा पर्याय मिळतो. बँड निवडा, जोडणीला होकार द्या, झालं. एक्स्टेंड अनलॉकपेक्षा फरक असा की बँड जवळ असेल तर लॉक झालेला फोनही नुसतं वर सरकवून उघडतो. पिठाच्या हाताच्या कोपरानेसुद्धा. सोय म्हणून याला तोड नाही.

पण मदार सिग्नलच्या जोरावर. मागच्या खिशातून फोन काढल्या काढल्या पहिल्यांदा उघडत नाही आणि क्षणभर थांबून पुन्हा सरकवला की उघडतो, याचं कारण वर सांगितलेली कंबर. मनगट-परीक्षा तुमच्या मॉडेलवर स्वतः घ्या. काही बँडच्या सेटिंग्जमध्ये हातातून काढताच बँड लॉक व्हायची सोय असते. ती असेल तर चालू करा, आणि त्यानंतरही टेबलावरचा बँड फोन उघडतोय का ते पाहा. उघडत असेल तर बँड लॉक झाल्याचा फोनला पत्ताच नाही असं समजा. असा बँड मोटारसायकलच्या हँडलला अडकवून ठेवणाऱ्यांनी हा पर्याय वापरू नये.

ॲपल: एक मॅकसाठी, एक आयफोनसाठी

दोन्हीचं नाव सारखं वाटतं, काम वेगळं.

मॅकचं ऑटो अनलॉक २०१६ साली मॅकओएस सिएराबरोबर आलं. २०१३ च्या मध्यानंतरचा मॅक लागतो, घड्याळाला पासकोड लागतो, दोन्हीकडे एकच ॲपल खातं आणि त्यावर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबतची दुसरी खात्री, चालू. सिस्टिम सेटिंग्जमध्ये टच आयडी अँड पासवर्डच्या पानावर घड्याळाचं बटण आहे. झोपलेला मॅक जागा केला की घड्याळ मनगटाला टिचकी मारतं आणि स्क्रीन उघडते. मॅक रीस्टार्ट केल्यावर पहिल्यांदा पासवर्ड लागणारच.

बंद पडण्याची कारणं ठरलेली. ऑफिसात केबलचं इंटरनेट असतं म्हणून लोक मॅकचं वाय-फाय बंद ठेवतात. इंटरनेटसाठी वाय-फाय नको असलं तरी अंतर मोजायला हवंच, कुठल्याही नेटवर्कला न जोडता नुसतं चालू ठेवलं तरी पुरे. इंटरनेट शेअरिंग किंवा स्क्रीन शेअरिंग चालू असेल तरी ऑटो अनलॉक अडतं. घड्याळात रिस्ट डिटेक्शन, म्हणजे ते मनगटावर आहे का ते ओळखणं, बंद केलेलं असेल तर पर्याय चालूच होत नाही. मनगट-परीक्षेत हे उत्तम पास: घड्याळ काढलं, घड्याळ लॉक, मॅक पासवर्ड मागणार.

आयफोनचं प्रकरण करोनाकाळातलं. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आणि वॉचओएस ७.४ बरोबर आलं, आयफोन १० पासून पुढच्या फेस आयडीच्या, म्हणजे चेहरा ओळखून उघडणाऱ्या, फोनसाठी, सिरीज ३ पासूनच्या घड्याळावर. फेस आयडीला समोर झाकलेला चेहरा दिसला आणि उघडलेलं घड्याळ मनगटावर जवळच असलं, तर फोन उघडतो. मार्च २०२२ च्या आयओएस १५.४ पासून आयफोन १२ आणि पुढचे फोन मास्क असतानाही डोळ्यांभोवतीच्या भागावरून ओळखतात, म्हणून काहींना वाटतं घड्याळाची गरज संपली. आपल्या उन्हात संपत नाही. नुसता मास्क असेल तर डोळे दिसतात, स्कार्फवर गॉगल चढवला की ती ओळखही जाते. दुचाकीवरच्या बाईमाणसांना इथे घड्याळच उपयोगी पडतं.

एक बारकावा पुढे आणायला हवा. तोंड झाकलेलं असताना फोन चेहरा कोणाचा ते तपासत नाही, घड्याळावर भिस्त ठेवतो. म्हणजे तुम्ही शेजारी बसला असताना स्कार्फ बांधलेल्या मैत्रिणीने तुमचा फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला तरी तो उघडू शकतो. म्हणूनच दर वेळी मनगटावर थरथर होते आणि घड्याळावर "लॉक आयफोन" असं बटण येतं. ते दाबलं की फोन लगेच लॉक होतो आणि पुढच्या वेळी पासकोड मागतो. ही थरथर सायलेंटमध्येही येते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ॲपल पे, खरेदी आणि फेस आयडीने बंद केलेली ॲप्स या मार्गाने उघडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पट्टा ढिला असला की सगळं बिघडतं. घामाने निसटलेलं, पाटल्या-बांगड्यांनी पुढे ढकललेलं घड्याळ त्वचेपासून सुटतं, त्याला वाटतं हातातून काढलं, ते लॉक होतं, आणि दोष फोनला जातो. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, हलणार नाही इतपत घट्ट. बांगड्या त्या हातात असतील तर घड्याळ दुसऱ्या हातात घाला.

विंडोज आणि बिलिंगचा काउंटर

डायनॅमिक लॉक २०१७ च्या विंडोज १० क्रिएटर्स अपडेटपासून आहे. फोन ब्लूटूथने कॉम्प्युटरला पेअर करा, सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, तिथे डायनॅमिक लॉकच्या चौकटीत खूण. फोन पल्ल्याबाहेर गेला की साधारण मिनिटभराने कॉम्प्युटर लॉक होतो. परत आल्यावर पिन किंवा बोट द्यावं लागतं.

कापडाच्या दुकानात मालक गिऱ्हाइकाला माल दाखवायला वरच्या मजल्यावर जातो आणि खाली टॅली उघडं राहतं, तिथे हे फुकटचं औषध आहे. अट एवढीच की फोन खिशात पाहिजे. काउंटरवरच विसरला तर कॉम्प्युटर कधीच लॉक होणार नाही, म्हणून स्क्रीन पाच मिनिटांनी आपोआप लॉक होण्याची सेटिंगही जोडीला ठेवा. आणि वरचा मजला पल्ल्यातच असेल तर डायनॅमिक लॉकचा उपयोग शून्य, ते एकदा चालून तपासा.

घड्याळ पेअर केलं तर चालेल का? मूळ सेटिंगमध्ये नाही. विंडोज उपकरणाचा वर्ग पाहतं आणि नेमलेला वर्ग ५१२, म्हणजे फोन. अंगावर घालायच्या वस्तूंचा वर्ग १७९२. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या जागी, विंडोज हॅलो फॉर बिझनेसखाली "कॉन्फिगर डायनॅमिक लॉक फॅक्टर्स" मध्ये हा आकडा बदलता येतो, होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा एडिटरच नसतो. तिथेच सिग्नलची मर्यादा उणे १० दिसते. ती डेसिबल-मिलिवॅट समजून उणे ७० वगैरे टाकू नका. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये हा आकडा चिपच्या ठरावीक पट्ट्याच्या तुलनेत मोजलेला असतो.

घड्याळ जवळ आलं की विंडोज उघडून देणारी बाहेरची ॲप्सही मिळतात. त्यातली बरीच तुमचा विंडोजचा पासवर्ड स्वतःकडे साठवून तुमच्या वतीने टाइप करतात. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर ती नकोतच.

गड्डा, खिसेकापू आणि यूपीआय

संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा एक्स्टेंड अनलॉक दोन बाजूंनी हरतं. गर्दीतली शरीरं सिग्नल खातात. शिवाय तुटलेलं कनेक्शन परत जुळवायला लो-एनर्जी ब्लूटूथकडे ४० पैकी फक्त ३ चॅनल असतात, आणि त्यांवर आसपासच्या सगळ्या इअरबड्स-घड्याळांचा गलका. म्हणून फोन सारखा पिन मागतो. दुसरी बाजू जास्त वाईट. खिशातून फोन मारणारा पहिल्या काही पावलांत तुमच्या घड्याळाच्या पल्ल्यातच असतो, म्हणजे फोन त्याच्या हातात उघडाच. तो स्क्रीन जागी ठेवून वापरत राहिला, तर कनेक्शन तुटल्या क्षणी लॉक पडेलच असं धरून चालू नका. जत्रेला, एसटी स्टँडला, मंगळवार बाजारात जाताना घड्याळ ट्रस्टेडमधून काढा किंवा ब्लूटूथ बंद करा. २०२४ पासून आलेलं थेफ्ट डिटेक्शन लॉक फोन हिसकावून पळाल्याची हालचाल ओळखून स्क्रीन लॉक करतं. ते गूगलच्या सेटिंग्जमध्ये चालू करून ठेवा, अँड्रॉइड १० पासून चालतं. अलगद काढलेला फोन त्याला ओळखता येईल अशी आशा ठेवू नका.

"फोन उघडा म्हणजे बँकेतले पैसे गेले" इतकं सरळ नाही. यूपीआय पिन वेगळा असतो आणि ॲपमधला स्क्रीन लॉक चालू असेल तर ते बोट किंवा पिन पुन्हा मागतं. खरी वाट दुसरी आहे. डेबिट कार्डावरून यूपीआय पिन नव्याने ठरवायला कार्डाचे शेवटचे ६ आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो. ओटीपी उघड्या फोनवर येतो, आणि कार्ड कित्येकांच्या फोनच्या कव्हरमध्येच खोचलेलं असतं. घड्याळाने फोन उघडा ठेवायचा असेल तर कार्ड आधी कव्हरमधून काढा, आणि मेसेजच्या ॲपला वेगळं ॲप लॉक लावा.

काउंटरवर काय तपासायचं

घड्याळ घेताना स्वतःचा फोन घेऊन जा, दुकानातल्या डेमो फोनवर काही सिद्ध होत नाही. पेअर करून घ्या आणि फोनच्या ब्लूटूथच्या पेअर्ड यादीत नाव आलं का ते डोळ्यांनी बघा. घड्याळाला स्वतःचा पिन लावता येतो का, हातातून काढल्यावर ते लॉक होतं का, हे विचारू नका, करून बघा. मग घड्याळ काउंटरवर ठेवा आणि फोन उघडतो का पाहा. शेवटी फोन काउंटरवर ठेवून घड्याळासह दुकानाच्या दारापर्यंत जा आणि बरोबरच्या माणसाला फोन उघडायला सांगा. दुकान लहान असेल तर रस्त्यापर्यंत जा. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. बिल झाल्यावर "सॉफ्टवेअर अपडेटने येईल" हे उत्तर ऐकण्यापेक्षा ती दहा मिनिटं बरी.

जुनं घड्याळ घरातच कोणाला देणार असाल तर आधी फोनच्या ट्रस्टेड डिव्हायसेसमधून ते काढा, मग ब्लूटूथ यादीत फर्गेट करा, आणि त्यानंतर घड्याळ रीसेट करा. हे राहून गेलं तर धाकटा भाऊ ते घड्याळ घालून शेजारच्या खोलीत बसला की तुमचा फोन त्याच्या भरवशावर उघडा राहू शकतो. काढल्यावर घड्याळ शेजारी धरून फोनची स्क्रीन बंद करा आणि पुन्हा जागी करा. पिन मागितला की काम झालं.